लढाईतल्या प्रेमकथा वाचताना

आमच्या बचतगटात महिन्याचा हिशेब झाला की आम्ही कादंबरीचं एक प्रकरण मोठ्यानं वाचतो. पुस्तक येतं कल्याणच्या सार्वजनिक वाचनालयातून. हे वाचनालय १८६४ सालचं!

सध्या ना. सं. इनामदारांची ‘राऊ’ चालू आहे. बाजीराव-मस्तानीची गोष्ट सिनेमामुळे सगळ्यांना ठाऊक. पण त्याच काळात, १७३७ साली, मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून ठाण्याचा किल्ला घेतला. आज तिथं तुरुंग आहे. म्हणजे ती लढाई आपल्या दारातलीच.

त्याआधी रणजित देसाईंची ‘स्वामी’ वाचली. पानिपतानंतर सोळाव्या वर्षी माधवराव पेशवे झाले. १७७२ साली थेऊरला क्षयानं गेले, आणि रमाबाई सती गेल्या. ऐकताना सगळ्यांचे डोळे भरले. मग एकीनं विचारलं, “मरण्यालाच प्रेम म्हणायचं का गं?” गटातली एक विधवा ताई म्हणाली, “माझा माणूस गेला. मी लेकरं वाढवली, शेत राखलं. हे प्रेम नाही?” त्यावर कुणी काही बोललं नाही. सगळ्यांना ते पटलं होतं.

तेव्हापासून वाचताना आम्ही दोन गोष्टी विचारतो. घडलेलं कोणतं आणि लेखकानं रचलेलं कोणतं? साल, लढाई, मृत्यू इतिहासातले; नवरा-बायकोचं एकांतातलं बोलणं लेखकाचं. आणि दुसरं, मागे राहिलेल्या बाईचं काय झालं?

तुमच्या गटातही वाचा. रडू आलं तर रडा, पण प्रश्न विचारायला विसरू नका.