आधी हक्क, मग ओढा, मग मासा

(ग्रामसभांच्या शिबिरातलं भाषण. शिबिराला येता न आलेल्या गावांसाठी इथे छापत आहोत.)



मला विषय दिलाय ओढ्यांची दुरुस्ती आणि सरकारी पैसा. आपल्या ओढ्याकडे येण्याआधी मी तुम्हाला लांबच्या आदिवासींची हकीकत सांगतो. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर वॉशिंग्टन नावाचं राज्य आहे. राजधानीचं वॉशिंग्टन वेगळं, हे वेगळं. तिथे निस्क्वाली, क्लालम अशा अनेक आदिवासी जमाती राहतात. त्यांचं जगणं सामन नावाच्या माशावर.

हा मासा ओढ्याच्या गोट्यांत जन्मतो, समुद्रात जाऊन मोठा होतो आणि अंडी घालायला परत आपल्याच नदीत येतो. आपल्याकडे पहिल्या पावसात वलगणीचे मासे चढतात ना, तसाच हा चढतो, पण थेट समुद्रातून. अंडी घालून तो मरतो आणि त्याच्या अंगाचं खत काठच्या झाडांना मिळतं. त्याला काय लागतं? थंड पाणी, काठावर झाडांची सावली, गाळ न बसलेले गोटे, आणि प्रवाहात आडवी पडलेली लाकडं, म्हणजे डोह तयार होतात. जंगल गेलं की ओढा तापतो. ओढा तापला की मासा गेला.

आता हक्काचं बघू. 1854 साली मेडिसिन क्रीक इथे सरकारने निस्क्वाली आणि इतर जमातींशी तह केला. जमीन घेतली, पण कागदावर लिहून दिलं की नेहमीच्या जागी मासे धरायचा हक्क तुमचा राहील. पुढे काय झालं ते तुम्ही ओळखलंच असेल. आपल्याकडे मोळी आणली तर गुन्हा, तिकडे जाळं टाकलं तर गुन्हा. बिली फ्रँक नावाचा निस्क्वाली कार्यकर्ता चौदा वर्षांचा असताना पहिल्यांदा पकडला गेला, आणि नंतर पन्नासहून जास्त वेळा. तरी लोक नदीवर जायचे थांबले नाहीत. अटक करा म्हणाले, आम्ही मासे धरणारच. शेवटी 1974 साली न्यायाधीश बोल्ट यांनी निकाल दिला की धरता येण्याजोग्या माशांत निम्मा वाटा या जमातींचा आहे. 1979 साली तिथल्या सुप्रीम कोर्टानेही तो उचलून धरला.

लढाई जिंकली. पण साथींनो, निम्मा म्हणजे कशाचा निम्मा? काठापर्यंत जंगल तोडलेलं, नद्यांवर धरणं, रस्त्याखाली अशा मोऱ्या की मासा वर चढूच शकत नाही. शून्याचा निम्मा शून्यच. म्हणून 2001 साली जमाती परत कोर्टात गेल्या. म्हणाल्या, मासे धरायचा हक्क दिलाय, तर माशाची वाट अडवायचा अधिकार सरकारला नाही. 2013 साली हुकूम झाला आणि 2018 साली तो कायम राहिला. आज त्या राज्याला स्वतःच्या पैशाने शेकडो मोऱ्या बदलाव्या लागत आहेत.

आता पैशाची व्यवस्था कशी आहे ते नीट ऐका. 2000 साली तिथल्या संसदेने सामन वाचवण्यासाठी खास निधी सुरू केला. तो किनाऱ्यावरच्या राज्यांना मिळतो, आणि आदिवासी जमातींनाही मिळतो. वॉशिंग्टन राज्यात त्यासाठी 1999 पासून एक मंडळ आहे. कुठे झाडं लावायची, कुठला बांध काढायचा, याची यादी त्या त्या नदीच्या खोऱ्यातले लोक करतात. जाणकार ती तपासतात, मग पैसा सुटतो. शेतकऱ्याने ओढ्याकाठची पट्टी नांगरायची सोडून तिथे झाडं लावली, तर त्याला दहा-पंधरा वर्षं त्या पट्टीचं भाडं मिळतं. आणि गंमत बघा. एके काळी सरकारनेच ओढा साफ करतो म्हणून पडलेली लाकडं उचलून नेली होती. आता तीच लाकडं सरकारी पैशाने परत ओढ्यात टाकतात.

एल्व्हा नदीवर 1913 आणि 1927 साली दोन धरणं बांधली होती. क्लालम लोकांनी मागणी लावून धरली, 1992 साली कायदा झाला आणि 2011 ते 2014 या काळात दोन्ही धरणं पाडली. पाणी ओसरल्यावर त्यांचं बुडालेलं पवित्र ठिकाण उघडं पडलं. मासा वर चढायला लागला. तोवर नदी भरू दे म्हणून जमातीने स्वतःच मासेमारी बंद ठेवली होती. 2023 साली त्यांनी पुन्हा थोडे मासे धरले.

सगळं गोड झालंय असं मी म्हणत नाही. 2011 साली त्याच जमातींनी सरकारला लेखी सांगितलं की एका हाताने तुम्ही दुरुस्तीला पैसे देता आणि दुसऱ्या हाताने बिघडवायला परवाने देता. दुरुस्त होतंय त्याहून जास्त बिघडतंय. पैसा आला म्हणजे ओढा वाचला असं नसतं.

आता आपल्याकडे या. वनहक्क कायदा 2006 चा. कलम 3 मध्ये पाण्यातले मासे आणि इतर उपज यावरचा सामूहिक हक्क लिहिलाय. सामूहिक वनसंपत्ती राखायचा आणि तिचं व्यवस्थापन करायचा हक्क लिहिलाय. कलम 5 म्हणतं, पाणलोट आणि पाण्याचे साठे राखायची सत्ता ग्रामसभेला आहे. म्हणजे तहाचा कागद आपल्याकडेही आहे.

पैसा पण आहे. धरणाला, खाणीला, रस्त्याला जंगल दिलं की भरपाई जमा होते. 2016 च्या कायद्याने त्यातला 90 टक्के भाग राज्यांकडे येतो. पण 2018 च्या नियमांत ग्रामसभेचा सल्ला आहे, संमती नाही. म्हणूनच लोक कसत असलेल्या जमिनीत खड्डे पाडून रोपं लावली जातात आणि ओढा तसाच कोरडा राहतो. जंगल आमचं गेलं, त्याची भरपाई कुठे लावायची ते आम्हीच ठरवणार. ही मागणी आपण सोडायची नाही. पेसाचा अबंध निधी आणि रोजगार हमी यातूनही ओढ्याची कामं होतात, पण ग्रामसभेचा ठराव असेल तर.

म्हणून तीन कामं घेऊन घरी जा. एक, म्हाताऱ्यांना बरोबर घेऊन ओढा उगमापासून चाला. डोह कुठे होते, मासा कुठपर्यंत चढायचा, कुठल्या मोरीने वाट अडवली, ते लिहून काढा. दोन, सामूहिक दाव्यात ओढा आणि डोह नावानिशी घाला. तीन, कामांची यादी ग्रामसभेत मंजूर करा आणि अर्जाची पोच घ्या. पोच नसेल तर अर्ज दिलाच नाही असं समजा.

त्या लोकांना तहानंतर एकशेवीस वर्षांनी कोर्टात न्याय मिळाला. आपला कायदा 2006 चा आहे. तेवढी वर्षं आपला ओढा थांबणार नाही.

जिंदाबाद!