नकाराची कमाई



नेत्रवैद्यकाच्या संमेलनात अध्यक्षाने वर्षभरातल्या प्रगतीचा आढावा घ्यावा, अशी आपल्याकडे रीत आहे. मोतिबिंदू, रेटिना, लेझर यांवर बोलायला पुढचे दोन दिवस जाणकार मंडळी आहेत आणि बाहेर स्टॉलही लागले आहेत. म्हणून ज्याचा स्टॉल कुणी लावत नाही त्या आजारावर, कॉर्नियल अल्सरवर, मी बोलणार आहे.

हा आजार कुणाला होतो हे तुम्हाला सांगायला नको. भाताचं कुसळ, उसाचं पातं, मळणीत उडालेला काडीकचरा. माणूस आपल्यापर्यंत पोहोचतो तोवर आठवडा उलटलेला असतो. मधल्या काळात कुणी एरंडेल घातलेलं असतं, कुणी अंगावरचं दूध. कुणी दुकानातून लाली घालवणारे थेंब आणलेले असतात आणि त्यांत स्टिरॉइड असतं. अल्सर बरा झाला तरी बुबुळावर फूल राहतं, आणि तेव्हा हा माणूस बहुधा ऐन कमावत्या वयात असतो.

यावरचं नीटनेटकं संशोधन मुख्यतः मदुराईत आणि नेपाळात झालं, कारण रुग्ण तिथे होते. मदुराई जिल्ह्यात दर लाख लोकांमागे वर्षाला ११३ अल्सर होतात, असा अंदाज १९९६ मध्ये मांडला गेला. अमेरिकेतल्या मिनेसोटातल्या एका परगण्यात हाच आकडा ११ होता. त्याआधी १९९४ च्या पहिल्या तीन महिन्यांत मदुराईच्या अरविंद रुग्णालयात ४३४ अल्सर तपासले गेले. जवळजवळ दोन तृतीयांश लोकांच्या डोळ्याला आधी इजा झालेली होती, आणि बॅक्टेरिया व बुरशी यांचं प्रमाण जवळपास सारखंच निघालं. आपण शिकलो ती पाठ्यपुस्तकं जिथे लिहिली गेली तिथे बुरशीचा अल्सर ही अपूर्वाई होती. दक्षिण भारतात तो नेहमीचा पाहुणा आहे.

आता मुद्द्यावर येतो. गेल्या पंधरा-वीस वर्षांतल्या मोठ्या चाचण्यांनी आपल्याला बहुतांशी 'नाही' असंच उत्तर दिलं आहे. या नकारांइतकी मोलाची कमाई आपल्या शाखेत फार थोडी झाली आहे, असं माझं मत आहे.

बॅक्टेरियाच्या अल्सरमध्ये अँटिबायोटिकच्या जोडीला स्टिरॉइड द्यावं की नाही, यावर आपल्या आधीच्या पिढ्या हिरिरीने भांडल्या. जळजळ कमी झाली तर व्रण कमी राहील, हा एक पक्ष; डोळा फुटेल, हा दुसरा. २००६ ते २०१० या काळात ५०० रुग्णांवर 'स्कट' चाचणी झाली. त्यातले जवळजवळ सगळे रुग्ण अरविंदच्या रुग्णालयांतले. ४८ तास मॉक्सिफ्लॉक्सासिन दिल्यावर अर्ध्यांना प्रेडनिसोलोन, अर्ध्यांना औषध नसलेले थेंब. तीन महिन्यांनी दोन्ही गटांच्या नजरेत फरक नव्हता. ज्यांना सुरुवातीला फक्त बोटं मोजता येत होती किंवा तेवढंही दिसत नव्हतं, त्यांना थोडा फायदा झालेला दिसला. पण नोकार्डियाच्या अल्सरला स्टिरॉइड बाधलं. म्हणजे दोन्ही पक्ष थोडे बरोबर होते. पण जंतू कोणता हे ठाऊक नसताना स्टिरॉइड लिहिणाऱ्याला या चाचणीत कुठेच आधार सापडत नाही.

बुरशीची गोष्ट मला अधिक आवडते. नाटामायसिन हे जुनं औषध. दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ प्रांताच्या मातीतल्या जिवाणूपासून ते मिळालं आणि चीजला बुरशी लागू नये म्हणून आजही वापरतात. थेंब पांढरे, दाट, पापणीला चिकटून बसणारे, कॉर्नियात फारसे न झिरपणारे. व्होरिकोनाझोल नवं, पारदर्शक, आतवर पोहोचणारं, महाग. कागदावर त्याचंच पारडं जड होतं आणि आपल्यातले बरेच जण ते हौसेने लिहीत होते. 'मट' चाचणीत ३६८ रुग्ण घ्यायचे ठरलं होतं. ३२३ वर भरती थांबवावी लागली, कारण नव्या औषधाच्या गटातल्या लोकांचं नुकसान होताना दिसत होतं. डोळ्याला भोक पडण्याचं किंवा तातडीने बुबुळ बदलण्याचं प्रमाण व्होरिकोनाझोलच्या गटात जास्त होतं. बुरशी फ्युझेरियम असेल तर नाटामायसिन फारच सरस ठरलं. चाचणी २०१३ मध्ये छापून आली, २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने नाटामायसिनला अत्यावश्यक औषधांच्या यादीत जागा दिली. हे औषध बाजारात आणण्यासाठी कुणी पंचतारांकित जेवण दिल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

पुढेही तेच. तोंडाने व्होरिकोनाझोल जोडून पाहिलं, २४० रुग्ण, भारत आणि नेपाळ. भोक पडणं टळलं नाही, त्रास मात्र वाढला. क्रॉसलिंकिंग करून पाहिलं. बुरशीच्या अल्सरला उपयोग झाला नाही. नाटामायसिन जिथे मिळत नाही तिथल्या लोकांसाठी स्वस्त क्लोरहेक्झिडिन चालेल, अशी मोठी आशा होती. नेपाळमधल्या लहानला ३५४ रुग्णांवर पाहिलं आणि २०२२ मध्ये उत्तर आलं: नाटामायसिनच सरस. हा नकार गैरसोयीचा होता, कारण या वेळी स्वस्त औषध हरलं. तरी तो छापला गेला.

सगळ्यांत बोचणारा नकार मी मुद्दाम शेवटी ठेवला आहे. नेपाळमधल्या भक्तपूरला स्थानिक नेत्रकेंद्रांत डोळ्याला खरचटलेल्या लोकांना तीन दिवस क्लोरॅम्फेनिकॉलचं मलम दिलं गेलं. ४४२ पैकी ९६ टक्के बरे झाले. २००१ चा हा अभ्यास आपण प्रत्येक व्याख्यानात दाखवतो, मीही दाखवलेला आहे. पण तिथे तुलनेला दुसरा गट नव्हता. पुढे नेपाळातच गावं चिठ्ठ्या टाकल्यासारखी वाटून, महिला आरोग्य स्वयंसेविकांमार्फत अशीच योजना मोठ्या प्रमाणावर राबवली गेली. अल्सरचं प्रमाण घटलं नाही. मलम कुचकामी आहे, असा याचा अर्थ मी लावत नाही. खरचटलेला माणूस मुळात स्वयंसेविकेच्या दारापर्यंत येतो का, हा प्रश्न मलमाने सुटत नाही. भक्तपूरची स्लाइड काढून टाका असं मी म्हणत नाही, पण तिच्या शेजारी दुसरी लावल्याशिवाय ती दाखवू नये.

या चाचण्यांमध्ये आपले डोळे देणारी माणसं कोण होती? ऊन-पावसात राबणारे शेतकरी आणि मजूर. संमतिपत्र वाचून दाखवावं लागलं असेल, अंगठा उठवला असेल, तीन महिन्यांनी मजुरी बुडवून परत यायचं कबूल केलं असेल. त्यांनी दिलेलं उत्तर आपल्या दवाखान्यात पोहोचलं आहे का? अल्सर खरवडून काचेवर स्मिअर घेणं, पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकणं आणि सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे तंतू शोधणं, याला जेमतेम काही मिनिटं लागतात. तरी रेफर होऊन येणारे बरेच कागद मी पाहतो, त्यांवर तीन अँटिबायोटिक असतात, एक स्टिरॉइड असतं आणि स्मिअरचा उल्लेख नसतो. वेळ नाही म्हणणाऱ्या सहकाऱ्यांची ओपीडी मला माहीत आहे, मी त्यांना दोष देत नाही. पण सूक्ष्मदर्शक नसेल तर रुग्ण पहिल्याच दिवशी पुढे पाठवावा. आठ दिवस थेंब बदलून पाहू नयेत.

आपल्या राज्यात पीक जिल्ह्यागणिक बदलतं, मग डोळ्यात जाणारी बुरशीही बदलते का? मदुराईचं उत्तर विदर्भाला जसंच्या तसं लावायचं का? उद्या दुपारी सर्वसाधारण सभेत मी एक ठराव मांडणार आहे: येत्या पावसाळ्यापासून आपल्या सभासदांनी प्रत्येक अल्सरची एका पानावर नोंद ठेवावी. कशाने इजा झाली, किती दिवसांनी आला, आधी काय घातलं होतं, स्मिअरमध्ये काय दिसलं, तीन महिन्यांनी नजर किती. रुग्ण परत आला नाही तर तेही लिहावं. कोऱ्या नोंदपत्रांचे गठ्ठे नोंदणी कक्षाच्या टेबलावर ठेवले आहेत. जेवणाला जाताना प्रत्येकाने एक उचलावा.