भावाला सरडा पाळायचाय, कुठला घेऊ?

(बोललेला भाग ऐकून लिहून काढला आहे. अडखळणं, खोकणं आणि मधेच गेलेली लाइट तेवढी काढून टाकली आहे. बाकी जसं बोललो तसंच.)

कानात हेडफोन घालून एसटीत बसलेल्यांना नमस्कार, आणि भांडी घासताना फोन खिडकीत ठेवून ऐकणाऱ्यांनाही नमस्कार.

आजचा विषय एका व्हॉइस नोटवरून आला. पेणमधल्याच एका ताईची आहे, नाव सांगत नाही. ती म्हणते, "दादा, माझा भाऊ चौथीत आहे. त्याला सरडा पाळायचाय. रील बघून बघून डोक्यात बसलंय. दुकानदार म्हणतो, इग्वानाचं पिल्लू आणून देतो, एकदम गरीब असतं, पालाच खातं. आई म्हणते घरात पाल दिसली तरी मी ओरडते, आणि तू विकत आणणार? काकांचं दोन वर्षांचं बाळ पण आहे घरात. पण पोरगा खरंच वेडा आहे त्याच्यापायी. पहिला कुठला घ्यावा?"

ताई, तुझं मला आवडलं. 'घेऊ का' असं तू विचारलं नाहीस, 'कुठला' असं विचारलंस. म्हणजे भावाचा हट्ट तू सिरीयसली घेतलायस. मग मीपण तसंच उत्तर देतो. इग्वाना नको. का नको ते आता नीट सांगतो, कारण दुकानदाराने सांगितलेल्या दोन गोष्टींपैकी एक खरी आहे. तो पालाच खातो, हे खरं.

आधी आपल्या इथले बघू. पेण-रोह्याकडे पाली सोडल्या तर चार मंडळी कुणालाही माहीत असतात. कुंपणावरचा सरडा, पाचोळ्यात सळसळणारी सापसुरळी, बांधावरची घोरपड, आणि नशीब असेल तर हळूहळू डुलत चालणारा सरडगुहिरा. यातला एकही पकडून खोक्यात ठेवायचा नाही. घोरपड तर वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहे, म्हणजे वाघाच्या पंगतीत. तिला पकडलं, मारलं, विकलं तर किमान तीन वर्षं कैद. सरडगुहिरासुद्धा संरक्षित आहे. आणि कायदा बाजूला ठेवला तरी रानातनं उचललेला सरडा खोक्यात खातच नाही. काचेवर नाक घासत राहतो आणि काही दिवसांत संपतो. आपल्यापैकी कितीतरी जणांनी लहानपणी सरड्याच्या गळ्यात दोरा बांधलेला बघितला असेल. त्या दोऱ्याचं पुढे काय व्हायचं ते आठवा.

घोरपडीवरून एक सांगतोच. तानाजीच्या गोष्टीतली यशवंती आपण सगळे ऐकत मोठे झालो, पण आज घोरपडीच्या मुळावर काय उठलंय माहितीये? 'हत्था जोडी'. पूजेला ठेवतात, पैसा येतो म्हणून, आणि झाडाचं दुर्मिळ मूळ म्हणून ती विकली जाते. 2017 साली हे उघड झालं की ते मूळबीळ काही नाही, घोरपडीच्या नराचं वाळवलेलं जननेंद्रिय आहे. ऑनलाइनसुद्धा विकलं जात होतं. कुणी घरात आणलं असेल तर ती देवघरातली वस्तू नाही, गुन्ह्यातला मुद्देमाल आहे. असो, विषयावर येतो.

आता दुकानातले. जगभर मुलांसाठी म्हणून तीन नावं घेतली जातात. हिरवा इग्वाना, बिअर्डेड ड्रॅगन आणि लेपर्ड गेको.

इग्वाना मध्य आणि दक्षिण अमेरिकेतला. पिल्लू वीतभर, पोपटी, हातावर बसतं. फोटो झकास येतो. मोठा झाला की शेपटीसकट पाच फूट. ताई, पाच फूट म्हणजे तुझा भाऊ उभा राहिला तरी त्याच्यापेक्षा लांब. शेपटीचा फटका चाबकासारखा बसतो, आणि वयात आलेला नर तर मालकावरही धावून जातो. नीट सांभाळला तर दहा-पंधरा वर्षं जगतो, त्याहूनही जास्त. त्याला पिंजरा पुरत नाही, एक खोली लागते. पेणमध्ये दोन खोल्यांच्या ब्लॉकमध्ये राहणाऱ्याने एक खोली इग्वानाला द्यायची?

आणि मुख्य भानगड उन्हाची. सरडे आतून गरम होत नाहीत, बाहेरून ऊब घेतात, हे शाळेत शिकलो. पण इग्वाना आणि ड्रॅगनसारख्या दिवसा फिरणाऱ्यांना उन्हातले यूव्हीबी किरणही लागतात. त्याशिवाय अंगात ड जीवनसत्त्व तयार होत नाही, आणि ते नसेल तर खाल्लेलं कॅल्शियम हाडात जात नाही. मग हाडं मऊ पडतात, जबडा सुजतो, पाय वाकडे होतात. "खिडकीत ठेवतो ना, ऊन येतं" असं सगळे म्हणतात. पण काचेतून यूव्हीबी जवळजवळ येतच नाही. उजेड येतो, ऊब येते, नेमकं हवं ते बाहेर राहतं. त्यासाठी वेगळा दिवा लागतो, आणि तो पेटता दिसला तरी काही महिन्यांनी त्यातले किरण कमी होतात, म्हणून बदलावा लागतो. हे दुकानात कुणी सांगत नाही.

ड्रॅगन ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या भागातला. त्याला ऊन खायची जागा चाळीस अंशांच्या आसपास आणि हवा कोरडी लागते. आता आपला जुलै डोळ्यांसमोर आणा. भिंतीला ओल, पापडाला बुरशी, चादर चार दिवस वाळत नाही, आणि लाइट कधी जाईल त्याचा नेम नाही. पापड कधी वाळवायचे हे ज्या गावाला नीट कळतं, त्या गावाला हा प्राणी पावसाळ्यात ठेवायचा नाही हेही कळायला हवं.

राहिला लेपर्ड गेको. खरं सांगायचं तर तिघांत पहिल्यांदा पाळणाऱ्याला हाच सोपा. आठ-दहा इंच, रात्री जागणारा, पापण्या असलेला, त्यामुळे चेहरा हसरा वाटतो. जागा थोडी लागते. पण जगतो किती? पंधरा ते वीस वर्षं. भाऊ आज नऊचा. बारावी होईल, कॉलेजला पनवेल नाहीतर मुंबई गाठेल, नोकरीला लागेल, तरी गेको घरातच. आणि तो खातो जिवंत किडे. नाकतोडे, अळ्या, आठवड्यातून अनेकदा. ते डब्यात कोण सांभाळणार? आई. जी पाल बघून ओरडते, ती. शिवाय आजारी पडला तर सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणारा डॉक्टर मुंबई-पुण्यात शोधावा लागतो.

यातलं काहीही घ्यायचं तर दुकानदाराकडे कागद मागायचे. गंमत म्हणून सांगत नाहीये. कायद्यातली 2022 ची दुरुस्ती 1 एप्रिल 2023 पासून लागू झाली, आणि आंतरराष्ट्रीय करारातल्या परदेशी प्राण्यांची नोंदणी बंधनकारक झाली. 2024 च्या फेब्रुवारीत त्याचे नियम आले. इग्वाना त्या यादीत आहे. ताब्यात आल्यापासून 30 दिवसांत केंद्राच्या परिवेश पोर्टलवर अर्ज करायचा. त्याला पिल्लं झाली, तो मेला, दुसऱ्याला दिला, तरी कळवायचं. "कोण विचारतंय" म्हणणाऱ्याकडून घेऊ नका. बँकॉकहून मुंबईला येणाऱ्या बॅगांमध्ये कस्टमला असे प्राणी पुन्हापुन्हा सापडतात. पिशव्यांत बांधलेले, अर्धे मेलेले. कागद नसलेलं पिल्लू त्याच रस्त्याने आलं नसेल, हे तुम्हाला कोण सांगणार?

आणि बाळ. ही गोष्ट मी शेवटी ठेवणार होतो, पण ताईच्या घरात हीच सगळ्यात मोठी आहे. सरपटणारे प्राणी ठणठणीत दिसत असले तरी त्यांच्या विष्ठेत साल्मोनेला जंतू असू शकतात. मोठ्याला जुलाब-ताप होऊन जाईल, पण तान्ह्या मुलाला तो जंतू रक्तात जाऊन दवाखान्यात न्यायची वेळ आणतो. बाळाने प्राण्याला हात लावायलाच हवा असंही नाही. भाऊ खेळला, हात न धुता बाळाला घेतलं, बस्स. अमेरिकेची सीडीसी ही आरोग्यसंस्था स्पष्ट सांगते की पाच वर्षांखालचं मूल असलेल्या घरात सरपटणारा प्राणी ठेवू नका. तिथे तर 1975 पासून चार इंचांपेक्षा लहान कासवं विकायला बंदी आहे, कारण पोरं ती तोंडात घालायची. म्हणजे ताई, निदान बाळ पाच वर्षांचं होईपर्यंत तुझ्या घरापुरता हा प्रश्न मिटला.

पण भावाला नुसतं 'नाही' सांगून चालणार नाही. त्याला काहीतरी खरं द्यावं लागेल. माझं म्हणणं, त्याला पाल दे.

हसू नका! विकत आणायची नाही. पडवीतल्या ट्यूबलाइटशेजारी ती आधीच आहे. पिंजरा नाही, दिवा नाही, किडे पकडायला नको, उलट घरातले तीच खाते. भावाला एक वही द्यायची, आणि त्यातली एक निवडायची. कशी ओळखायची? शेपटीवरून. तुटून परत आलेली शेपटी मूळ शेपटीपेक्षा वेगळी दिसते, जाड, गुळगुळीत. कारण आत आता मणके नसतात, कूर्चेची एक नळी असते. अशी एक तरी पाल प्रत्येक घरात असते. तिला नाव द्यायचं. हात लावायचा नाही, शेपटी तोडायची तर अजिबात नाही. त्यात ती चरबी साठवते, तो तिचा डबा असतो.

मग रोज संध्याकाळी लिहायचं. किती वाजता बाहेर आली? ट्यूबलाइटच्या कुठल्या बाजूला बसली? दुसरी आल्यावर कोण कुणाला पळवतं? थंडीत किती उशिरा येते? खिडकीच्या काचेवर बाहेरून बसली की आतून तिचं पोट दिसतं, आणि पावले. बोटांखालच्या आडव्या पट्ट्या बघायच्या. त्या पट्ट्यांवर डोळ्याला न दिसणारे केस असतात. टोके नावाच्या मोठ्या पालीच्या एका पावलावर सुमारे पाच लाख. 2000 सालच्या सुमारास केलर ऑटम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते मोजून दाखवलं की तिथे गोंदही नाही आणि चिकट पाणीही नाही. केस भिंतीच्या इतके जवळ जातात की कणाकणातली ओढच तिला धरून ठेवते. भावाला हे सांग, आणि मग गेकोचे ग्लोव्हज घालून काच चढणाऱ्या माणसांचे व्हिडिओ दाखव. तुमच्या आमच्या भिंतीवरून शिकलेत ते.

पापणी नाही, म्हणून ती जिभेने डोळा पुसते. हे एकदा बघितलं की पोरगा तासभर हलत नाही. फोटोफ्रेममागे दोन पांढरी गोल अंडी सापडतील, टणक कवचाची. ती तिथेच राहू द्यायची. महिना-दोन महिन्यांनी नखाएवढं पिल्लू भिंतीवर दिसलं की तारीख लिहायची.

आजीचं काय, तेही बघू. पंचांगात पल्लीपतन असतं. पाल अंगावर कुठे पडली तर काय फळ, त्याचा तक्ता. आजीला तो वाचू दे, भांडू नका. भावाला विचार, तुझी पाल महिन्यात किती वेळा पडली? लिहून ठेव. आमची आजी मनात शंका आली की "पाल चुकचुकली" म्हणायची, आणि पाल खरंच चुकचुकते. ती आवाज का काढते, दुसरी जवळ आल्यावर की एकटी असताना, हेही वहीत येऊ दे. आईला मात्र एक सांगायलाच हवं. आपल्याकडची घरातली पाल विषारी नाही. तिच्यात विषग्रंथीच नाहीत. दुधात पडली तर दूध टाकायचं ते घाणीमुळे, जंतूंमुळे. आणि हो, तिच्या विष्ठेतही तोच साल्मोनेला असू शकतो, म्हणून ओट्यावरचं पुसायचं आणि वहीनंतर हात धुवायचे.

दिवसाची ड्यूटी हवी असेल तर कुंपण. 'सरड्याची धाव कुंपणापर्यंत' ही म्हण चेष्टेची आहे, पण बघून केलेली आहे. पावसाच्या आधी नर सरडा गळा लाल करून कुंपणावर डिप्स मारत असतो, ती त्याची हद्द. मादी पाऊस पडल्यावर मऊ मातीत खड्डा करून अंडी घालते, दहा-बारा, कधी वीससुद्धा, आणि पायाने माती दाबून निघून जाते.

एक शेवटचं, भावासाठी खास. 2016 साली भारतातल्या संशोधकांनी पंखगळ्या सरड्यांची एक नवीन प्रजाती-गटवारी केली. व्ही. दीपक, वरद गिरी वगैरे मंडळींनी. त्या गटाला शास्त्रीय नाव दिलं 'सराडा'. आपल्या मराठी 'सरडा' शब्दावरून! त्यातला 'सराडा सुपर्बा' साताऱ्याच्या चाळकेवाडीच्या पठारावर असतो. नर उन्हाळ्यात दगडावर चढतो आणि गळ्याचा निळा-काळा-केशरी पंखा उघडतो. त्याच पठारावर पवनचक्क्या आहेत. 2018 साली मारिया ठाकर, अमोद झांबरे आणि हर्षल भोसले यांचा अभ्यास छापून आला. पवनचक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी कमी, म्हणून सरडे जास्त. पण ते सरडे कमी बिचकणारे, माणसाला जवळ येऊ देणारे, तब्येतीने जरा उतरलेले, आणि नरांचा रंगही फिका. घार-ससाणा नसल्याने सरड्याच्या गळ्याचा रंग बदलतो! हे पिंजऱ्यात बघायला मिळणार नाही. मे महिन्यात मामाकडे साताऱ्याला जाणं होत असेल तर एक सकाळ तिकडे काढा. लांबून बघा, दगड उलटे करू नका.

कामाच्या दोन गोष्टी. घोरपड घरात शिरली तर काठी घेऊ नका, दार उघडं ठेवा आणि वनविभागाच्या 1926 या हेल्पलाइनला फोन करा. आणि ऐकणाऱ्यांपैकी कुणाकडे इग्वाना आधीच असेल तर घाबरून त्याला खाडीकाठी सोडू नका. तो मरेल, नाहीतर इथे टिकला तर आणखी वाईट. वनविभागाच्या कार्यालयात जाऊन नोंदणीचं विचारा.

ताई, वहीचं पहिलं पान झालं की फोटो पाठव. बाकीच्यांनी आपल्या गावात सापसुरळीला काय म्हणतात ते व्हॉइस नोटवर सांगा. 'सापाची मावशी' मला माहितीये, ते सोडून. पुढच्या शुक्रवारी भेटू.