आतड्याचे अस्तर आणि त्यावरील खुणा

(हीरक महोत्सवी वर्षातील पालक व माजी विद्यार्थी मेळाव्यातील व्याख्यान)



‘आव पडणे’ हा शब्दप्रयोग मराठी घरांत फार जुना. पोटात मुरडा आला, शौचावाटे चिकट पदार्थ पडला, की आजी सुंठ घातलेले ताक पुढे करी आणि विषय तेथेच संपे. तो बुळबुळीत पदार्थ मुळात रोगाचा नसून रक्षणाचा आहे, हे मात्र क्वचितच कोणी सांगितले.

जठर आणि आतडी यांच्या आतील अस्तरावर श्लेष्म्याचा लेप असतो. त्याचा मुख्य घटक म्हणजे म्यूसिन नावाची प्रथिने. प्रथिनाच्या लांब कण्यावर साखरेच्या असंख्य शाखा, जणू बाटली धुण्याचा ब्रश. त्या पाणी धरून ठेवतात आणि लेप बनतो. या म्यूसिनांना शास्त्रज्ञांनी ‘मक’ हे संक्षिप्त नाव व क्रमांक दिले आहेत. जठराच्या पृष्ठभागावर मक-५एसी, तेथील खोल ग्रंथींत मक-६ आणि आतड्यातील चषकाकार पेशींत मक-२. प्रत्येकाचे घर ठरलेले.

मोठ्या आतड्यात अगणित जिवाणू नांदतात, तरी ते अस्तराला सहसा भिडत नाहीत. स्वीडनमधील गोथेनबर्ग येथील संशोधकांनी 2008 मध्ये उंदरांत याचे कारण दाखविले: श्लेष्म्याचे थर दोन असतात; बाहेरच्या सैल थरात जिवाणू राहतात, आतला दाट थर त्यांच्यापासून मुक्त असतो. दोन्ही थर मक-२चेच. त्याआधी, 2002 मध्ये, मक-२चे जनुक काढून टाकलेल्या उंदरांच्या आतड्यात कालांतराने आपोआप गाठी झाल्याचे प्रसिद्ध झाले होते. पहारेकरी गेला आणि घर उघडे पडले.

माणसाच्या बाबतीत या खुणा वाचतो तो पॅथॉलॉजिस्ट. बायोप्सीचा तुकडा मेणात बसवून त्याचे काही मायक्रॉन जाडीचे काप घेतात. विशिष्ट म्यूसिनला चिकटणारे प्रतिद्रव्य घातले की ते म्यूसिन असेल तेथे बहुधा तपकिरी रंग उमटतो. मोठ्या आतड्याच्या कापात जठराचे मक-५एसी दिसले, तर पेशी आपला पत्ता विसरली आहे असे म्हणावे लागते. काही पॉलिपांत, विशेषतः दातेरी कडांच्या पॉलिपांत, असे आढळते. नेहमीच्या कर्करोगात मक-२ बहुधा घटते. उलट, ज्या गाठीचा निम्म्याहून अधिक भाग श्लेष्म्यानेच भरलेला असतो, तिच्यात ते टिकून राहते. आणखी एक प्रकार अंगठीच्या आकाराच्या पेशींचा: श्लेष्मा पेशीतच साठतो, केंद्रक कडेला ढकलले जाते आणि पेशी शिक्क्याच्या अंगठीसारखी दिसते. हा प्रकार आक्रमक.

येथे एक सावधगिरी हवी. यांतील कोणतीही एक खूण म्हणजे निकाल नव्हे. 1965 मध्ये मॉन्ट्रियल येथे गोल्ड व फ्रीडमन यांनी शोधलेले सीईए हे रक्तातील चिन्हकदेखील उपचारानंतरच्या देखरेखीला उपयोगी. धूम्रपान करणाऱ्यांत ते एरवीही वाढलेले असू शकते. निरोगी माणसाने ते तपासून निश्चिंत होणे ही निव्वळ भाबडी समजूत.

भारतात हा कर्करोग पाश्चात्त्य देशांच्या तुलनेने कमी आढळतो. तथापि मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातील नोंदींत रुग्ण तुलनेने तरुण आणि अंगठीसारख्या पेशींचे प्रमाण तिकडच्यापेक्षा अधिक दिसले आहे. म्हणजे चाळिशीतले माजी विद्यार्थीही यातून सुटलेले नाहीत. तरीही शौचावाटे रक्त गेले की ‘मूळव्याध असेल’ म्हणून लेप आणि चूर्ण सुरू होते. संकोचापायी घरातही कोणाला सांगितले जात नाही. स्त्रियांचे हिमोग्लोबिन उतरले की दोष उपासांना दिला जातो, लोहाच्या गोळ्या येतात आणि रक्त नेमके कोठून जाते हा प्रश्न विचारलाच जात नाही. कापावर कितीही सूक्ष्म खुणा वाचता आल्या, तरी आधी तो तुकडा प्रयोगशाळेत पोहोचावा लागतो. पॉलिपचा कर्करोग होण्यास बहुधा अनेक वर्षे लागतात आणि बरेचसे पॉलिप कोलोनोस्कोपी करतानाच काढता येतात.

आई, वडील किंवा भावंडाला हा आजार झाला असेल, तर इतरांची कोलोनोस्कोपी साधारणपणे चाळिसाव्या वर्षी, अथवा त्या नातलगाच्या निदानाच्या वयाच्या दहा वर्षे आधी, यांपैकी जे लवकर येईल तेव्हा सुचविली जाते. वडिलांना अठ्ठेचाळिसाव्या वर्षी निदान झाले असल्यास मुलांची वेळ अडतिसाव्या वर्षी येते. म्हणून घरातील जुना बायोप्सी अहवाल रद्दीत जाण्यापूर्वी त्यावरील निदान आणि त्या वेळचे वय मुलांनी उतरवून ठेवावे.