बांध, ठिपके आणि डेटम

३३ फुटी साखळीने गुंठ्याचा चौरस मोजणाऱ्या मोजणीदाराचे दप्तर आता संगणकात उतरले असले, तरी शेताची चतुःसीमा तीच आहे. बांधाचे प्रत्येक वळण अक्षांश-रेखांशांनी बांधलेल्या रेषेत नोंदले की त्यास व्हेक्टर म्हणतात, आणि उपग्रहाने टिपलेले तेच शेत चौकोनी ठिपक्यांच्या जाळीत मांडले की ते रास्टर ठरते. हद्दी, विहिरी, मृदा असे निरनिराळे स्तर मग एकावर एक ठेवता येतात. परंतु सर्वांत महत्त्वाचा, आणि माझ्या मते सर्वांत उपेक्षित, शब्द म्हणजे डेटम, अर्थात पृथ्वीचा गृहीत धरलेला आकार व मोजमापाचा आधार: जुने भारतीय नकाशे १८३० च्या एव्हरेस्ट लंबगोलावर रचलेले, तर उपग्रहाधारित जीपीएस डब्ल्यूजीएस ८४ या डेटमवर; हा भेद न जाणता स्तर जुळवले, तर शेजाऱ्याची विहीर आपल्या गटात दिसू शकते.