टाळ वाजत ठेवावा लागतो

(दिंडीच्या शताब्दी वर्षाच्या प्रारंभी गावच्या विठ्ठल मंदिरात दिंडीच्या वीणेकऱ्यांनी केलेले भाषण)



माउली, आम्हाला भाषणाची सवय नाही. वीणा गळ्यात असली की उभं राहता येतं, माईक हातात दिला की जीभ अडखळते. मंडळींनी सांगितलं, शंभर वर्षांत दिंडीत जी सेवा झाली तिच्यावर दोन शब्द बोला. अन्नदात्यांची, मालकांची, कीर्तनकारांची यादी स्मरणिकेत येणारच आहे. आम्हाला बोलायचंय ते यादीत न येणाऱ्यांबद्दल. त्यासाठी आधी आमची स्वतःची एक चूक सांगावी लागेल. ती आजवर चारचौघांत सांगितलेली नाही.

वीणा घेतली की माणसं पाया पडतात. ते पाया पडणं वीणेला असतं. पण दहा-पंधरा वर्षं रोज शेकडो माणसं वाकली, की वीणेकऱ्याला वाटायला लागतं आपल्या शब्दातही काही आहे. तसं आम्हाला वाटायला लागलं होतं.

१३ वर्षांपूर्वीची वारी. आमच्यात एक टाळकरी होते, साखरेचा आजार असलेले. लोणंदच्या मुक्कामी जवळ येऊन बसले आणि म्हणाले, "आबा, तळपायाला फोड आलाय. फुटलाय, पण दुखत काही नाही. गोळ्या घरीच ठेवून आलोय. वारीत कशाला औषध?" आम्ही काय म्हणावं? आम्ही म्हटलं, "दुखत नाही ना? मग ही माउलीचीच कृपा. चालत राहा, पांडुरंग बघून घेईल."

आता विचार केला की अंगावर काटा येतो. साखरेच्या माणसाच्या पायाची जाणीव मरत जाते, म्हणून जखम दुखत नाही. न दुखणं हेच भ्यायचं लक्षण. आम्ही त्याला कृपा म्हणालो. आणि आम्ही म्हणालो म्हणून त्या माणसाला ते खरं वाटलं.

चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण झालं, हे उड्या मारून नाचले. फलटण झालं, बरड झालं. नातेपुत्याला दुपारी अंग तापलं. सगळे म्हणाले, ऊन लागलं असेल. आमच्या दिंडीत पाण्याचा हंडा वाहणारी एक मावशी होती. अक्षरओळख नाही, कीर्तनात सगळ्यांत मागं बसायची, तीही अर्धी झोपेत. तिला राहुटीतल्या ताडपत्रीवर ओल्या पावलाचा डाग दिसला. एकाच पायाचा. तिनं काही न विचारता त्यांचा पाय मांडीवर घेतला, कोमट पाण्यानं धुतला, आणि मग आमच्याकडं आली. नमस्कार नाही, काही नाही. म्हणाली, "आबा, दिवसभर एकमेकांच्या पायावर डोकं ठेवतोय आपण. ह्याचा पाय कुणी बघितला का?"

करंगळीचं टोक आत जाईल एवढी जखम होती.

गाडी आली तर हे चढेनात. पंढरी थोड्याच दिवसांवर, इथून मागं फिरलो तर वारी चुकली, मरण आलं तर वाटेवर येऊ दे, असं सगळं बोलले. आम्हाला समजूत घालता येईना, कारण ती भाषा आमचीच होती. मावशीनं त्यांची पिशवी आधीच गाडीत ठेवली होती. ती एवढंच म्हणाली, "तुमाला उचलून ठेवायला मला जमायचं नाही. चढायचं तुमीच." बराच वेळ गेला. मग ते स्वतः चढले.

त्या रात्री समाज आरतीला आम्ही तळावर उभे होतो. आपल्याला ही रीत ठाऊक आहे, पण नव्या पोरांसाठी सांगतो. सगळ्या दिंड्या टाळ-मृदंग वाजवत उभ्या असतात. चोपदार चोप वर करून पुकारतात आणि एवढा मोठा समाज क्षणात गप्प होतो. मात्र ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती टाळ वाजवतच राहते. मग चोपदार त्या दिंडीपाशी जातात, गाऱ्हाणं ऐकून घेतात. हरवल्या-सापडल्याचं सांगतात, उद्याची निघायची वेळ सांगतात, मग आरती. त्या दिवशी लांब कुठंतरी एका दिंडीचा टाळ थांबेना. चोपदार तिकडं निघाले आणि आमच्या मनात आलं, आमच्या माणसानं लोणंदला टाळ वाजवला होता की! आम्हीच हात घालून तो थांबवला.

थोरामोठ्यांच्या कथा आपण वर्षानुवर्षं ऐकतो. जनाबाईच्या जात्याला देवानं हात लावला. नाथांच्या घरी पैठणला देव श्रीखंड्या होऊन पाणी वाहत राहिला. हे ऐकून आपण म्हणतो, बघा, देव सगळं करतो. पण जनाबाईचा हात खुंट्यावर होता ना? ती जातं सोडून ओसरीला बसली होती, असं कुठल्या कथेत आहे? दळण तिचंच होतं, देव जोडीला बसला. आणि एक गंमत बघा. यात गादीवरचा, अधिकाराचा माणूस कोण? जनाबाई नामदेवांच्या घरची दासी, गोरोबा कुंभार, सावतोबा माळी, सेना न्हावी. देव पाणक्या झाला नाथांकडं, आणि आमच्या दिंडीत तर पाण्याच्या हंड्यामागंच उभा होता. आम्ही त्याला रोज "मावशी, तांब्या भरा" म्हणत होतो.

त्या गृहस्थांची दोन बोटं काढावी लागली. पाय राहिला. त्यांचे टाळ आम्ही पिशवीत घालून पंढरपूरला नेले, चंद्रभागेत धुतले, आणि परतताना त्यांना भेटायला गेलो. माफी मागायचं मनात होतं. ते पडल्यापडल्या म्हणाले, "आबा, तुम्ही चुकलात, खरंय. पण गोळ्या तुम्ही नव्हत्या ठेवल्या घरी. पांडुरंगानंही नव्हत्या ठेवल्या. त्या मीच ठेवल्या." माफी तशीच राहिली. ती आज मागतो. ते समोर बसलेत.

पुढच्या वर्षी ते सामानाच्या ट्रकमधून आले. संध्याकाळी मुक्कामाला कोमट पाण्याची बादली आणि बॅटरी घेऊन बसायला लागले. येईल त्याचा तळपाय बघायचा, बोटांच्या बेचक्यात बॅटरी मारायची, गोळी घेतली का विचारायचं. सुरुवातीला काही जाणती माणसं कुरकुरली, की ही दिंडी आहे की दवाखाना? हरिपाठाच्या वेळेला हे काय! आम्ही वेळ बदलून दिली, एवढीच आमची सेवा. मावशी आता नाहीत. बादली त्यांचीच आहे.

तेव्हा यंदा ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून निघताना ज्यांना बीपीच्या, साखरेच्या गोळ्या आहेत त्यांनी त्या महिनाभराच्या बांधून घ्याव्यात आणि शेजारच्या टाळकऱ्याला दाखवून ठेवाव्यात. दुखतंय ते सांगावं. दुखत नसेल तेही सांगावं. आम्हाला सांगू नका, आम्ही पुन्हा काहीतरी बोलून जाऊ. बादलीपाशी जा. परवाच त्यांनी निरोप धाडलाय, यंदा शताब्दी म्हणून माणसं वाढणार, बॅटरीचे सेल जास्तीचे घ्या.