डा म्हणजे पाणी
(अध्यापक विद्यालयांतल्या विद्यार्थ्यांच्या शिबिरात केलेलं भाषण)



तुम्ही उद्याचे मास्तर आणि बाई. तुमच्यातल्या कितीतरी घरांत महिन्याचा पहिला पगार तुमचाच येणार. माझ्या घरात तसाच आला. बाप बिगारीवर, माय रोजानं निंदायला. तेव्हा नोकरीला लाथ मारा, असं सांगायला मी उभा नाही. मला एका गुन्ह्याची कबुली द्यायची आहे.

मी दोन वर्षं डी. एड. केलं. पाठ टाचण कसं काढायचं, फळ्यावर ओळ सरळ कशी ठेवायची, तक्ता कुठं टांगायचा, हर्बार्टची पंचपदी, सगळं घोकलं. सराव पाठ घेतले ते शहरातल्या शाळेत, घरी मराठी बोलणाऱ्या पोरांवर. घंटा वाजली की पाव्हलॉवच्या कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटतं, यावर मी परीक्षेत चार पानं लिहिली. पण मास्तर एक भाषा बोलतो आणि पोरगं दुसरी, तेव्हा काय करायचं, यावर दोन वर्षांत अर्ध्या तासाचा तासही झाला नाही.

आणि १९९२ साली नेमणूक झाली मेळघाटात, धारणी तालुक्यात. कोरकूंचं गाव. नाला भरला की एसटी बंद. एक खोली, चार वर्ग, मास्तर मी एकटा. पहिलीतलं एक पोरगं उठलं आणि म्हणालं, "डा." मी म्हटलं, नीट बोल. ते पुन्हा म्हणालं, "डा." पोरं हसली. मला वाटलं, माझीच टिंगल चालली आहे. दोन छड्या दिल्या आणि मराठीत सांगशील तेव्हा बसशील म्हणून भिंतीशी उभं केलं. शाळा सुटेपर्यंत ते उभं होतं. संध्याकाळी त्याचा आजा आला. भांडला नाही. एवढंच म्हणाला, "गुरुजी, बच्चा पानी मांग रहा था."

कोरकूत डा म्हणजे पाणी.

सुट्टीत घरी गेलो तेव्हा मायला सांगितलं. ती म्हणाली, "मास्तर होऊन तुनं पोट्ट्याले पानी नाही देल्लं?" मला उत्तर देता आलं नाही. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब महाडच्या चवदार तळ्याचं पाणी प्याले. दरसाल त्या दिवशी मी भाषणं ठोकत होतो. आणि तोच मी एका तहानलेल्या पोराच्या आणि पाण्याच्या मध्ये उभा राहिलो. त्याची जात नाही विचारली, भाषा विचारली. फरक काय झाला?

ते पोरगं दुसऱ्या दिवसापासून आलं नाही. मी हजेरीपटावर गैरहजर मांडत गेलो. वरून कुणी विचारलं तर उत्तर तयार होतं: पालक उदासीन, आदिवासींना शिक्षणाची गोडी नाही. अरे, हेच आपल्या आज्या-पणज्यांबद्दल लिहिलं जात होतं! शाई तीच, टाक तोच. फक्त आता तो माझ्या हातात होता. बामण व्हायला बामणाच्या पोटी जन्मावं लागत नाही. खुर्ची, छडी आणि आपलीच भाषा शुद्ध असल्याची खात्री, एवढ्यावर भागतं.

मग मी शिकायला बसलो. आजाच्या अंगणात, पोरांच्या हाताखाली. पहिला धडा काय मिळाला? कोरो म्हणजे माणूस. त्याला 'कु' लावला की अनेकवचन. कोरकू म्हणजे माणसं! ज्या एका शब्दासाठी आपल्या पिढ्या लढल्या, तो शब्द या लोकांनी आपलं नाव म्हणून धरून ठेवलाय. आणि आपण त्यांना मागास म्हणतो. कोरकू ही मराठीची मोडकी बोली नव्हे. ती संथाळी, मुंडारीच्या कुळातली. २०११ च्या जनगणनेत सव्वासात लाखांवर लोकांनी ती आपली मातृभाषा म्हणून सांगितली. तुम्हाला पहिलीत कुणी तमिळमधून शिकवलं असतं तर तुम्ही 'ढ' ठरला असता की नाही?

१९९३ साली मेळघाटात कुपोषणानं पोरं मेली, ते देशभर छापून आलं. त्या मुलखात मी 'अ अननसाचा' शिकवत होतो. अननस त्यांनी पाहिला नव्हता. मोह पाहिला होता. मोहफुलं वेचायच्या दिवसांत वर्ग ओस, दिवाळीनंतर आईबाप मजुरीला सपाटीवर, पोरं त्यांच्यामागं. शाळेचं वेळापत्रक मात्र शहराचं.

कागद कमी नाहीत. प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करा, असं राज्यघटनेचं कलम ३५० अ १९५६ पासून सांगतंय. २००९ चा शिक्षण हक्क कायदाही मातृभाषाच म्हणतो, पण 'शक्यतो'! त्या 'शक्यतो'त सगळी मेख. आणि जोतीबांनी तर १८८२ साली हंटर कमिशनपुढं मांडलं होतं, की खेड्यातला मास्तर शेतकऱ्यांच्याच वर्गातला हवा, त्यांच्यात मिसळणारा, वेळेला नांगर धरायची लाज न वाटणारा. तेच मेळघाटात लावून बघा. कोरकूंचा मास्तर कोण हवा?

इथं आपली खरी परीक्षा आहे. २०१४ साली राज्यपालांच्या अधिसूचनेनं अनुसूचित क्षेत्रातली काही पदं स्थानिक आदिवासींसाठी राखली, त्यांत शिक्षकही होते. तेव्हा आपल्यातलीच पोरं म्हणाली, आमच्या जागा गेल्या. आंध्रात असाच शंभर टक्क्यांचा हुकूम २००० साली निघाला होता, तो सुप्रीम कोर्टानं एप्रिल २०२० मध्ये रद्द केला. आपल्यातल्या काहींना बरं वाटलं. मला नाही वाटलं. ज्याच्या पाटीवर आपण भाकरी शोधतो, त्याचीही भाकरी त्याच पाटीवर आहे. आपली लढाई शहरातल्या भरल्या खुर्च्यांशी आहे, कोरकूच्या अंगणाशी नव्हे.

म्हणून मागणी करा. कोरकू, गोंडी, पावरी, वारली पोरापोरींना त्यांच्याच तालुक्यात अध्यापक विद्यालय द्या. सराव पाठ पाड्यावर होऊ द्या, तिथल्या भाषेत होऊ द्या. आणि तोवर तिथं जाणाऱ्या आपल्या प्रत्येकाला, पहिल्या पगाराआधी, ती भाषा शिकवा. परीक्षा पोरांनी घ्यावी.

ते पोरगं पुढं आलं का, असं विचाराल. नाही आलं. वर्षभरानं गुरांमागं दिसायचं. मी कोरकूत हाक मारली तरी वाट बदलायचं. मला भाषा आली तोवर त्याची शाळा संपली होती.

तुम्ही जाल तिथं कुणी 'डा' म्हणालं, तर आधी पाणी द्या. मग पाठ सुरू करा.

जय भीम!